‘आधी’ आणि ‘नंतर’च्या मधली राजदूत

माझ्या व्हिडिओतला सगळ्यात जास्त पाहिला गेलेला तुकडा अकरा सेकंदांचा आहे. राजदूतच्या टाकीवर पेंट रिमूव्हर लावलेला आहे. हिरवा रंग आधी सुरकुततो, मग दुधावरच्या सायीसारखा फुगून वर येतो, आणि लांबीची पट्टी फिरवली की सालीसारखा निघत जातो. खाली स्वच्छ करडा पत्रा. प्रत्यक्षात याला पाऊण तास लागला होता. यूट्यूबवर व्हिडिओच्या खालच्या रेषेवर एक आलेख दिसतो, लोक कुठला भाग परत परत बघतात ते सांगणारा. माझ्या व्हिडिओत त्या आलेखाचं शिखर बरोबर इथे आहे.

त्या हिरव्या रंगावर पिवळ्या अक्षरांत ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलेलं होतं. ब्रशनं, हातानं, अक्षरांना लाल सावली देऊन. नीट पाहिलंत तर चौथ्या सेकंदाला ‘शीर्वा’ एवढं दिसतं आणि पट्टीखाली जातं.

मला ही अक्षरं तेव्हा दिसली नव्हती असं नाही. दिसली होती, पण गंजासारखीच, काढून टाकायच्या यादीतली. असं का झालं हे शोधताना मला पुन्हा त्या व्हिडिओंकडे जावं लागलं, ज्यांच्याकडून मी हे काम शिकलो. म्हणून हा लेख गाडीबद्दल थोडा आणि त्या व्हिडिओंबद्दल जास्त आहे.

*

रिस्टोरेशन व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. रात्री झोप येत नसताना एक बघितला की दुसरा आपोआप येतो. गंजलेला अडकित्ता, मातीत सापडलेली इस्त्री, तळ्यातून काढलेली मोपेड. कोणी बोलत नाही. चेहरा दिसत नाही, फक्त हातमोजे घातलेले दोन हात. नट सुटल्याचा आवाज, वायर ब्रशचा आवाज, सँडब्लास्टिंगचा फुस्स. वीस-तीस मिनिटांत सगळं सुटं होतं, चकाचक होतं, पुन्हा जोडलं जातं. शेवटी पडदा दोन भागांत दुभागतो. डावीकडे आधी, उजवीकडे नंतर.

या प्रकाराचं मी देणं लागतो, हे आधी कबूल करतो. मी इंजिनिअरिंग केलंय खरं, पण फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये कानशीने घासलेला एक फिटिंगचा जॉब सोडला तर हातात कधी हत्यार धरलं नव्हतं. नोकरीत मी जे बनवतो ते हातात धरता येत नाही. अडकलेल्या नटाला आधी तेल, मग उष्णता, मग हलकेच ठोके, आणि जोर सगळ्यात शेवटी, हे मला या व्हिडिओंनी शिकवलं. प्रत्येक सुटा भाग ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने मांडून ठेवायचा, हेही. बोलणं नसल्यामुळे ते व्हिएतनाममधल्या माणसाचे असोत की स्वित्झर्लंडमधल्या, सगळ्यांना सारखेच समजतात. ज्या पिढीला घरातला पंखा बिघडला की ॲप उघडून माणूस बोलवायची सवय आहे, तिला ‘वस्तू उघडता येते’ एवढं सांगणं ही लहान गोष्ट नाही.

त्यांच्याच भरवशावर मी चाकण रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडून राजदूत घेतली. गाडी पत्र्यांच्या ढिगात आडवी पडलेली. सीट नाही, मागचा दिवा नाही, इंजिन जाम. भंगारवाल्याने काट्यावर चढवून किलोचा भाव लावला आणि वर ‘इंजिन आहे ना’ म्हणून दोन हजार जास्त घेतले. कागदपत्रं विचारल्यावर तो हसला.

राजदूत कोणाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. एस्कॉर्ट्स कंपनीने १९६० च्या दशकात पोलंडमधल्या ‘एसएचएल एम-११’ या मोटरसायकलवरून भारतात बनवायला घेतलेली ही गाडी. १७३ सीसीचं एक सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, सहा व्होल्टची वायरिंग, पेट्रोलच्या टाकीतच मोजून ऑइल टाकायचं. १९७३ च्या ‘बॉबी’ सिनेमात ऋषी कपूर आणि डिंपल कपाडिया ज्या बुटक्या गाडीवर बसतात, ती हिचीच छोट्या चाकांची बहीण, ‘जीटीएस १७५’. पण सिनेमाबाहेर राजदूतची ओळख वेगळी होती. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेली, खडीच्या रस्त्यावरून धूर काढत जाणारी गावाकडची गाडी. साधी, दणकट, कोणत्याही तालुक्याच्या मिस्त्रीला उघडता येणारी. हा शेवटचा गुण पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

*

आता या व्हिडिओंच्या पहिल्या शॉटकडे बघू.

वस्तू चिखलात, गवतात, ढिगात पडलेली असते. एकटी. ती कोणाची होती, तिथे कशी आली, हे कधीच सांगत नाहीत. ‘बेवारस’, ‘मरणपंथाला लागलेली’, ‘कोणालाच नको असलेली’ असा शीर्षकाचा सूर असतो. हा शॉट नुसता नाट्यासाठी नसतो. पुढचं सगळं करायची परवानगी तो मिळवून देतो. वस्तूला मालक नाही, इतिहास नाही, म्हणून तिच्यावरची प्रत्येक खूण म्हणजे फक्त घाण. एकदा हे मान्य केलं की सँडब्लास्टिंगच्या पेटीत सगळं सारखंच: गंज, रंग, अक्षरं.

हा शॉट किती गरजेचा आहे याचा पुरावा म्हणजे तो खोटाही बनवतात. मीठ, व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र करून लोखंडावर मारलं तर तासाभरात लालभडक गंज चढतो. धडधाकट वस्तूला असा गंज लावून, चिखलात लोळवून मग ‘वाचवणारे’ व्हिडिओ भरपूर आहेत. पण मला खोट्या व्हिडिओंपेक्षा खऱ्यांची काळजी वाटते. खोटा व्हिडिओ वस्तूला फसवून अनाथ करतो. खरा व्हिडिओ तेच काम प्रामाणिकपणे करतो.

दुसरी गोष्ट वेळेची. माझं इंजिन सुटायला सतरा दिवस लागले. स्पार्क प्लगच्या भोकातून डिझेल ओतायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी किकवर हलका पाय देऊन बघायचं. सोळा दिवस काही नाही. सतराव्या दिवशी किक दोन बोटं खाली गेली आणि मी एकटाच पार्किंगमध्ये ओरडलो. व्हिडिओत हे सगळं एका कटमध्ये गेलं. जाणारच, कारण सोळा दिवस काहीच न होणं दाखवता येत नाही. पण कामाचा बहुतेक भाग तोच असतो. त्यामुळे व्हिडिओ बघून काम सुरू करणारा माणूस तिसऱ्या दिवशी हातोडा उचलतो. मीही उचलला होता, आणि इंजिनची एक पंखी, म्हणजे सिलिंडर थंड ठेवणारी ती पातळ कड, तोडली.

तिसरी गोष्ट चेहरा नसलेल्या हातांची. व्हिडिओत असं वाटतं की सगळं एकाच माणसाने केलं. माझ्या गाडीला किमान आठ जणांचे हात लागले. सिलिंडर बोअर करणारा लेथवाला, चाकाला तारा घालून रिम सरळ करणारा, प्लेटिंगवाला, नाना पेठेत तीन दुकानं फिरून ऑइल सील शोधून देणारा पोऱ्या. सँडब्लास्टिंग माझ्या व्हिडिओत सहा सेकंद आहे. त्या शेडमध्ये काम करणारा माणूस तोंडाला ओला रुमाल बांधून दिवसभर ते करतो. वाळूची ती बारीक धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. ब्रिटनमध्ये ओतकाम साफ करायला अशी वाळू वापरण्यावर १९४९ च्या नियमांनी बंदी आणली. तो माणूस माझ्या फ्रेममध्ये आला होता. रुमाल चांगला दिसत नव्हता म्हणून मी क्रॉप केलं.

*

इंजिन उघडायला मात्र मी एका मिस्त्रींकडे गेलो. साठी ओलांडलेले, आयुष्यभर जावा, येझदी आणि राजदूत केलेले. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला ‘इंजिनिअर’ म्हणायचे, आणि त्यात मान किती आणि टिंगल किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पिस्टन बाहेर काढल्यावर त्यांनी कापडाने त्याचं डोकं पुसलं आणि मला दाखवलं. काजळीखाली ‘५०’ असा आकडा कोरलेला होता.

“म्हणजे?”

“म्हणजे अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज. गाडी आधी बोअर झालेली आहे. कुणीतरी खर्च केलाय हिच्यावर.”

सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा करून मोठा पिस्टन घालतात, आणि हे ठरावीक वेळाच करता येतं. नंतर धातूच उरत नाही. म्हणजे तो आकडा गाडीच्या वयाचा दाखलाच होता. कोणीतरी ही गाडी एकदा पूर्ण उघडून, पैसे मोजून, पुन्हा रस्त्यावर आणली होती. माझ्या पहिल्या शॉटमधली ‘बेवारस’ गाडी बेवारस नव्हती.

क्लचचं कव्हर उघडलं तेव्हा दुसरा दाखला निघाला. कव्हर आणि इंजिनच्या मध्ये कागदी पॅकिंग असतं, ऑइल गळू नये म्हणून. इथे बाजारातलं पॅकिंग नव्हतं. जाड, गुलाबी कागद होता, कात्रीने बेतून कापलेला, ऑइल पिऊन काळपट झालेला. एका कडेला ‘चि. सौ. कां.’ एवढं वाचता येत होतं. लग्नपत्रिका.

मी हसलो. जुगाड, असं काहीतरी म्हणालो. काका हसले नाहीत.

“गळत होतं का इथून?” त्यांनी विचारलं.

नव्हतं.

“मग? हेडला लावली असती तर जळून गेली असती. इथे फक्त ऑइल अडवायचंय. ज्यानं कापलं त्याला माहीत होतं कुठे काय चालतं ते.”

मी ती पत्रिका खरवडून काढली आणि नवं पॅकिंग बसवलं. व्हिडिओत हा प्रसंग नाही. कागद फारच कळकट दिसत होता.

*

हा प्रसंग आठवला की मला रॉबर्ट पर्सिगचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ आठवतं. १९७४ साली आलेलं हे पुस्तक मुलाबरोबर केलेल्या मोटरसायकल प्रवासावर रचलेलं आहे. आमच्या पिढीत ते वाचलेल्यांपेक्षा त्याचं नाव टाकणारे जास्त. त्यात एक प्रसंग आहे. बरोबरच्या मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल होतं. लेखक म्हणतो, बिअरच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये सरकवू, घट्ट बसेल. ॲल्युमिनियम मऊ असतं, गंजत नाही, या कामाला उत्तम. मित्राला ते अपमानास्पद वाटतं. बीएमडब्ल्यूला बिअरचा डबा! त्याला वस्तूचं नाव दिसतं, लेखकाला तिचा गुणधर्म दिसतो.

लग्नपत्रिकेपुढे मी त्या मित्राच्या जागी होतो. आणि तालुक्याच्या कुठल्यातरी गॅरेजमध्ये, पर्सिगचं नावही न ऐकलेला कोणीतरी लेखकाच्या जागी होता.

पण त्या पुस्तकाच्या नावातला जो शब्द आपण घाईत गिळून टाकतो, तो मला आता जास्त महत्त्वाचा वाटतो: मेन्टेनन्स. पर्सिगने रिस्टोरेशनवर पुस्तक लिहिलं नाही. त्याची गाडी चालू असते. तो ती चालू ठेवत असतो. साखळी ताणणं, टॅपेट ऐकणं, प्लगचा रंग बघणं. मॅथ्यू क्रॉफर्डच्या २००९ च्या ‘शॉप क्लास ॲज सोलक्राफ्ट’चंही तेच. राजकीय तत्त्वज्ञानात पीएचडी केलेला हा माणूस वॉशिंग्टनमधली थिंक टँकची नोकरी सोडून रिचमंडमध्ये मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान टाकतो. त्याच्या पुस्तकात मला सगळ्यात खरा वाटतो तो त्याचा एक पेच: जुन्या होंडाच्या एका ऑइल सीलच्या नादी लागून तास घालवल्यावर गिऱ्हाइकाला बिल किती लावायचं? गाडीशी इमान राखायचं की मालकाच्या खिशाशी? रिस्टोरेशनच्या व्हिडिओत हा प्रश्न येऊच शकत नाही. तिथे मालकही नाही आणि बिलही नाही.

मराठीत या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचा दर्जाही वेगळा आहे. डागडुजी आणि जीर्णोद्धार. डागडुजीला कोणी पाटी लावत नाही. जीर्णोद्धाराला लावतात, देणगीदारांच्या नावांसकट. आणि बऱ्याच जीर्णोद्धारांचं काय होतं, ते गावोगावी काळ्या दगडाच्या मंदिरांना फासलेला ऑइलपेंट आणि गाभाऱ्यातल्या टाइल्स बघून कळतं. हेतू भक्तीचाच असतो. वस्तूवर प्रेम असतंच, पण ती जशी आहे तशी सहन होत नाही.

युरोपात हे भांडण एकोणिसाव्या शतकात जोरात झालं. फ्रान्सचा वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक उघड म्हणायचा की इमारत पुनर्स्थापित करायची म्हणजे तिला अशा पूर्णत्वाला न्यायची, जे कदाचित कधीच अस्तित्वात नव्हतं. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने १८४९ मध्ये या सगळ्या प्रकाराला खोटेपणा ठरवलं. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली भिंतींवरचा जुना गिलावा खरवडून काढायची तेव्हा साथ आली होती, म्हणून मॉरिसच्या संस्थेला नाव पडलं ‘अँटी-स्क्रेप’. खरवडविरोधी मंडळ! त्यांचं म्हणणं साधं होतं. जीर्णोद्धार करायची वेळच येऊ नये म्हणून रोज थोडी निगा राखा. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेने नियमच घातला की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापनेनं थांबायचं.

मी हे सगळं वाचलं तेव्हा माझी टाकी खरवडून, प्रायमर मारून, चेरी लाल रंगात चमकत होती. राजदूतवर कंपनीने तो लाल कधी लावला होता की नाही, मला माहीत नव्हतं. इंटरनेटवरच्या एका फोटोत छान दिसला होता.

*

एका बाबतीत तर मला हे आधीच कळायला हवं होतं, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. जुना कोड बघून ‘हे सगळं फेकून नव्याने लिहू’ असं प्रत्येक नव्या इंजिनिअरला वाटतं. २००० साली जोएल स्पॉल्स्कीने नेटस्केपच्या अशाच निर्णयावर एक गाजलेला लेख लिहिला. त्याचा मुद्दा असा: जुन्या कोडमधल्या ज्या ओळी तुम्हाला कुरूप वाटतात, त्यातली प्रत्येक ओळ कुठल्यातरी खऱ्या अडचणीवरचा उपाय असते. कोणाच्यातरी मशिनवर, कुठल्यातरी रात्री सापडलेल्या बगचा. ती ओळ उडवली की उपाय जातो, अडचण परत येते. मी हा लेख टीममधल्या ज्युनिअर्सना पाठवतो. तरीही लग्नपत्रिका मला बग वाटली. ती फिक्स होती.

मग व्हिडिओ करायचेच नाहीत का? तसं नाही. वेगळं करता येतं याचं एक उदाहरण बीबीसीवर २०१७ पासून चालू आहे: ‘द रिपेअर शॉप’. तिथे वस्तू एकटी येत नाही, माणूस तिला घेऊन येतो. ही माझ्या आजोबांची, हा ओरखडा अमुक वेळचा, असं सांगतो. कारागिरांना चेहरे आहेत, नावं आहेत. आणि काम सुरू करायच्या आधी अनेकदा प्रश्न येतो की यातलं काय राखायचं आणि काय बदलायचं. त्या कार्यक्रमाचीही खोड आहे. दर भागाच्या शेवटी कापड उचललं जातं आणि मालकाच्या डोळ्यांत पाणी येतं. चार भाग पाहिल्यावर आपण वस्तूपेक्षा पाण्याचीच वाट बघायला लागतो. तरी तो पहिला प्रश्न तिथे विचारला जातो. मी तो विचारला नव्हता, कारण विचारायला कोणी समोर नव्हतं.

निदान मला तसं वाटत होतं.

*

व्हिडिओ टाकून दीड महिना झाल्यावर भंगारवाल्याचा फोन आला. एक जण आलाय, ती गाडी कुणी नेली विचारतोय, नंबर देऊ का? मला वाटलं आता परत मागणार.

रविवारी पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आले. वडील वारल्यावर गावचं घर आवरताना भावाने गोठ्यातलं सगळं लोखंड विकलं होतं, त्यात गाडीही गेली. यांना उशिरा कळलं. परत नको होती. ठेवायला जागा नाही म्हणाले. फक्त बघायची होती.

मी कव्हर काढलं. लाल टाकी, नवं क्रोम, काळी कुळकुळीत सीट. ते गाडीभोवती एकदा फिरले.

“छान केलीय हो,” ते म्हणाले. मग टाकीवर हात ठेवून थोडा वेळ थांबले. “इथे लिहिलेलं होतं.”

मी हो म्हणालो.

“बाबांनी जत्रेतल्या पेंटरकडून लिहून घेतलं होतं. आजी गेली त्या वर्षी.”

मी सॉरी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, “तुम्हाला काय माहीत असणार,” आणि ते इतक्या सहज म्हणाले की मला जास्त लागलं. कारण माहीत करून घ्यायचे मार्ग होते. पिस्टनवरचा आकडा, पत्रिका, टाकीवरची ओळ. गाडी तिची माहिती सांगत होती, मी तिचे पुरावे एकेक करून साफ करत होतो.

त्यांना मी एकच गोष्ट देऊ शकलो. व्हिडिओसाठी मी जवळपास चाळीस तासांचं चित्रीकरण केलं होतं, त्यातला अर्धा तास वापरला. उरलेलं हार्ड डिस्कवर होतं. त्यात पहिल्याच दिवशीचा एक तुकडा सापडला. मी कॅमेरा चालू ठेवून चहाला गेलो होतो. सहा मिनिटं काहीच घडत नाही. गाडी उभी आहे, उजेड थोडा बदलतो, आणि टाकीवरची सगळी अक्षरं स्पष्ट वाचता येतात. तो तुकडा त्यांना पाठवला. माझ्या सगळ्या चित्रीकरणातलं कामाचं काही असेल तर ती सहा मिनिटं.

जाताना त्यांनी सांगितलं की आरसी बुक घरी आहे, वडिलांच्या ट्रंकेत.

*

हे मोठंच होतं, कारण तोवर माझी गाडी कायद्याच्या दृष्टीने नुसता आकाराला आलेला लोखंडाचा गोळा होती. व्हिडिओच्या शेवटी मावळत्या सूर्याकडे जाणारी गाडी दाखवतात. माझा तो शॉट सोसायटीच्या आवारातला आहे, रस्त्यावर काढायची मला परवानगी नव्हती. आपल्याकडे व्हिंटेज गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जास्त झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं असलेली वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि तीही रोज चालवायला नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेपुरती. म्हणजे सरकारसुद्धा विचारतं, मूळ रूप राखलंय का? माझी राजदूत अजून पन्नाशीची नाही, त्यामुळे हा प्रश्न तूर्त टळला.

आमचा रस्ता साधा आणि लांबचा. मालक वारले म्हणून आधी वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१. मग ती मला विकल्याचे फॉर्म २९ आणि ३०. नोंदणीची मुदत संपलेली, तिच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. आणि या सगळ्यासाठी चेसिस नंबर जुळवायचा. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, की आकडे उमटतात.

आम्ही कागद ठेवला, पेन्सिल घासली. काही उमटलं नाही. गुळगुळीत काळं. सँडब्लास्टिंगनंतर रंगवाल्याने बारीक खड्डे समजून तिथे लांबी भरली होती आणि वर पावडर कोटिंग भट्टीत भाजून पक्कं झालं होतं. व्हिडिओत तो भाग फार सुरेख दिसतो.

काकांनी ब्लेड दिलं. “घास आता,” म्हणाले. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात महाग रंगावर मी ब्लेड चालवलं. बोटभर जागेतला थर निघायला तास गेला. आधी एक सात दिसला, मग बाकीचे आकडे. आरसी बुकातल्या नंबराशी ते जुळले, तेव्हा कुठे खात्री झाली की मी ज्या गाडीवर वर्षभर काम केलं ती हीच.

आता तिथे रंग लावलेला नाही. पावसाळ्यात गंज धरतो, म्हणून आठवड्याला ऑइलचा बोळा फिरवतो. लग्नपत्रिकेच्या जागी बसवलेलं बाजारातलं पॅकिंग सहा महिन्यांत गळायला लागलं. दुसरं आणायला नाना पेठेत गेलो होतो, मिळालं नाही. काका म्हणाले, घरी एखादी जाड पत्रिका असेल तर घेऊन ये.